तुमच्या भाषेत बोलतो

आज लिफ्टमध्ये फिनेलचा उग्र वास भरला होता, आणि मी मनाने पुन्हा तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

माझा धाकटा भाऊ रघू डोक्यातल्या आवाजांशी भांडायचा. त्या भरात त्याने एका दुकानाची काच फोडली आणि पोलिसांनी त्याला नेलं. मी त्याच्या गोळ्या घेऊन गेले, तर तिथले तमिळ जेलर हसले. "गोळ्या कशाला, अम्मा? तुमचा भाऊ मजेत आहे. दिवसभर तुमच्या मराठीत गप्पा मारतो!"

जाळीपलीकडे रघू बोलतच होता. मी कान देऊन ऐकलं. ती मराठी नव्हती, तमिळही नव्हती. कुठलीच भाषा नव्हती.

"सर, ही मराठी नाही."

"मग तुमची तंजावरची मराठी असेल," ते म्हणाले. शिपाई हसले. साहेबांना राग येऊ नये म्हणून मीही हसले. गोळ्या परत घेऊन घरी आले. बाराव्या दिवशी रघूचं प्रेत ताब्यात मिळालं.

तेव्हा वाटलं, त्यांना कळलं नसेल. आता वाटतं, सांगणारी मी समोरच तर उभी होते.

ते जेलर आता निवृत्त होऊन वेलाचेरीला राहतात. दर वर्षी रघूच्या तिथीला मी त्यांना पत्र पाठवते. त्यात रघूचं नाव, गोळ्यांची नावं, द्यायच्या वेळा आणि खाली माझा फोन नंबर, एवढंच असतं. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला.

"आंटी, प्लीज थांबवा. पत्र आलं की अप्पा आठवडाभर झोपत नाहीत."

"आठवडाभरच?" मी विचारलं. "मग आता दर आठवड्याला पाठवीन."