आजोबांच्या अंगाची ऊब

माझं घर अमरावतीला आणि काम मूर्तिजापूरच्या आसपासच्या गावांत. आरोग्य शिक्षिकेचं काम म्हणजे मुख्यतः बोलणं. सकाळच्या गाडीने जायचं, अंगणवाडीत नाहीतर कुणाच्या ओट्यावर बायका जमवायच्या आणि सांगत राहायचं: बाळाला पहिला चीक पाजा, ताप अंगावर काढू नका, पाणी झाकून ठेवा. इतक्या वर्षांत किती जणींनी ते मनावर घेतलं आणि किती जणींनी नुसती मान डोलावली, मला सांगता येणार नाही. एका घरात मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या घरात साठीचा एक ऑटोवाला राहायचा. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती आणि नवरा अकोल्यात नोकरीला. बाळ, मुलगीच, दिवस भरण्याआधी झालं. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा दूध नीट ओढत होती, पण वजन फार कमी होतं.

मी गेले ते थंडीचे दिवस होते. ऑटोवाले काका गॅससमोर उभे राहून लेकीसाठी मेथीचे लाडू वळत होते. लाडू वळले जात नव्हते, फुटत होते. ते पुन्हा मूठ दाबत होते. आत बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेलं. मी आत पालथा हात लावून पावलं पाहिली. गार होती.

"नुसत्या दुपट्यांनी भागणार नाही," मी मुलीला म्हणाले. "दवाखान्यात शिकवलं होतं ना, उघड्या छातीवर धरायचं?"

"धरते न ताई. पन टाके दुखतात. थोड्या वेळानं बसवतच नाई."

"मग आळीपाळीने धरा. घरात दुसरं कोण आहे?"

आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काका पिठाच्या हातांनी तिथेच उभे होते.

"मी?" ते म्हणाले. "मॅडम, मी गडीमानूस हाये."

"बाळाला ऊब पाहिजे, काका. ती तुमच्याही अंगात आहे."

"दिवसभर ऑटोत रायतो. अंगाले पेट्रोलचा वास येते."

"आंघोळ करून या."

ते बादली घेऊन न्हाणीत गेले. आले ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला धुतलेला शर्ट घालून. खुर्चीवर बसले, पण हात बटणांकडे जाईना. मोठ्या झालेल्या लेकीसमोर उघडं बसायचं त्यांना जड जात होतं. मुलीच्या ते लक्षात आलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"बाबा, मी नाई पायत."

मग त्यांनी बटणं काढली. मी टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ त्यांच्या छातीशी उभं ठेवलं, मान एका बाजूला वळवली, नाकातोंडावर काही येणार नाही असं पाहिलं आणि मऊ जुन्या साडीने दोघांना बांधलं. वरून शाल पांघरली. काका ताठ झाले होते.

"श्वास घ्या, काका."

"श्वास घेतला तं ते हालते न."

"हलू द्या. तिला बरं वाटतं."

त्यांनी हळूच श्वास सोडला. बाळाने एकदा ओठ चोखले आणि ते झोपलं. बऱ्याच वेळाने मी त्यांना पावलं पाहायला सांगितलं. त्यांनी शालीत हात घातला, माझ्यासारखाच पालथा लावून पाहिला.

"गरम झाले," ते म्हणाले. लेकीकडे पाहून पुन्हा म्हणाले, "गरम झाले, माय."

तेव्हापासून त्यांचा ऑटो अंगणातच उभा राहिला. पाजायची वेळ झाली की बाळ लेकीकडे, पोट भरलं की पुन्हा आजोबांकडे. शेजारची काकू डोकावून म्हणाली, "बाप्पा, बाईचं काम मानूस करून राहिला." काका चिडले नाहीत. "हिची आजी असती तं तिनं केलं असतं," ते म्हणाले. "ती नाई, म्हून मी करतो."

एकदा मी बसलेली असताना स्टँडवरचा दुसरा ऑटोवाला बोलवायला आला. सवारी खोळंबली आहे म्हणाला. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "माही सवारी निजली हाये."

पहिल्या वजनाला काटा फारसा हलला नाही. काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपल्याच धरण्यात काही चुकलं. मी त्यांना समजावलं, पण त्यांना पटलं ते पुढच्या वजनाला काटा सरकला तेव्हा. त्या रविवारी जावई आला. तो चप्पल काढतो न काढतो तोच सासऱ्यांनी साबण पुढे केला.

"हात धुवा, जावईबापू. आन् शर्ट काढा."

जावई गोंधळून बायकोकडे पाहू लागला. ती हसली. टाक्यांवर हात ठेवून हसली, पण पुष्कळ दिवसांनी हसली. काकांनी स्वतः साडी बांधून दिली, गाठ दोनदा तपासली.

पुढे मी त्यांना शेजारच्या गावात बैठकीला यायची गळ घातली. मागे बसलेली पुरुषमंडळी आधी हसली. काकांना भाषण काही जमलं नाही. "पाय गार लागले तं छातीशी घ्या," एवढं बोलून ते खाली बसले. बैठक संपल्यावर एक तरुण बाप त्यांच्यापाशी आला आणि साडी कशी बांधायची ते हळू आवाजात विचारू लागला.

मायलेकी अकोल्याला गेल्या तेव्हा काकांनीच त्यांना ऑटोतून पोचवलं. आता कधी ते मूर्तिजापूरच्या स्टँडवर भेटतात. परवा भेटले तेव्हा ते अकोल्याला लेकीकडे जाऊन आले होते; मी नातीचं विचारलं.

"चालते आता," ते म्हणाले. "धरतो म्हटलं तं थांबत नाई. उतरून पयते."

"मग तुम्ही काय करता?"

"मांगं मांगं जातो," ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून त्यांनी ऑटोत ठेवली.