बारीक धानाचा बँड

तुमचा नवा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर चाळीस मीटर लहरीच्या बँडला जेवढा जोर देतो, जवळपास तेवढाच दहा मीटरलाही देतो, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. तुमच्या आजोबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला ही शिस्त नव्हती.

पन्नासच्या दशकात आजोबा सावली गावच्या दवाखान्यात डॉक्टर होते. हौशी रेडिओचा परवाना होता आणि काचेच्या व्हॉल्व्हचा, घरीच जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर. गावात वीज नव्हती. शेजारच्या धानगिरणीच्या तेलइंजिनाला डायनॅमो जोडला होता. तिथून गिरणीवाल्या भाऊंनी मोठ्या अभिमानाने आमच्या खिडकीत वायर दिली होती.

जोर तपासायला आजोबा नि मी, तुमची आजी, अँटेनाच्या जागी साधा दिवा लावायचो. चाळीस मीटरला तो लख्ख पेटे, वीसला बरा, दहाला विझत्या निखाऱ्यासारखा.

एका रविवारी भाऊ आपले व्याही घेऊन ही गंमत दाखवायला आले. दहा मीटरवर दिवा लाल झाला, तसे व्याही म्हणाले, "तुमच्या इंजिनात दम नाई राह्यला वाटते."

भाऊ तडक गिरणीत धावले आणि इंजिनाचा वेग वाढवून आले. आजोबांनी नेमका तेव्हाच चाळीस मीटर लावला. दिवा फट्कन फुटला. व्याही पोट धरून हसले.

भाऊ चिडून मला म्हणाले, "बाई, काऊन असं? लोक हसून राह्यले मले. उद्या वायरच काढतो!"

आजोबा कॉइल आणि कपॅसिटन्स समजावू लागले. मी आजोबांनाच चहा करायला पाठवलं. डॉक्टर चुलीकडे निघालेले पाहून व्याही हसायचेच थांबले.

मग मी विचारलं, "भाऊ, त्याच इंजिनावर जाड धान नि बारीक धान सारखंच निघतं का?"

"छे! बारीकाचे तुकडे पडून कनकी होते. हळूच काढा लागते."

"मग दोष इंजिनाचा?"

"इंजिनाचा कायले? दाणाच नाजूक!"

"दहा मीटरची लहर चाळीसच्या चौथाईएवढी. बारीक धानच ते. वाटेतच सांडतं."

भाऊ व्याह्यांकडे वळले. "ऐकलं? जाड खाणाऱ्याले काय समजते!"

वायर राहिली. पण तेव्हापासून रोज भिंतीपलीकडून हाक येई, "डॉक्टरसाहेब, आज जाड का बारीक?"

आजोबा प्रामाणिकपणे "बारीक" म्हणाले, की भाऊ काळजीने इंजिन हळू करत आणि दहा मीटरवर होता नव्हता तो जोरही जाई. आठवड्याभरात आजोबा शहाणे झाले. दहा मीटर लावून खिडकीतून ओरडत, "जाड, भाऊ, एकदम जाड!"