डावा देतो, उजवा घेतो

ती दोन्ही मुठी टेबलावर ठेवायची. मग डावी मूठ हळूच उघडायची आणि त्यातून निघालेलं काहीतरी उजव्या हाताने झेलल्यासारखं करायची. ओठ हलायचे, "डावा देतो, उजवा घेतो." त्यानंतरच उत्तरावर खूण करायची.

तुम्ही तिला पाहिलंय. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे जेवणाच्या टेबलाशी बसलेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी, तीच ही. "आजी, ती मुलगी स्वतःच्या हातांशी का बोलते?" असं तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं होतं. तेव्हा ती समोर होती म्हणून मी विषय बदलला. आता ती इथे नाही, तेव्हा सांगते.

लातूरला आमच्या गल्लीत घरटी एक तरी क्लासचं पोर राहतं. माझ्या मागच्या खोलीत ही आली ती किनवटकडच्या इस्लापूरहून. वडील तिथे पोस्टमन. ट्रंक आणि गादी उतरवून झाल्यावर ते फाटकाशी उभे राहिले. "जय भीम, मॅडम. तुम्ही नांदेडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या म्हणून तुमचीच खोली धरली."

"जय भीम. चहा घेऊन जा."

चहा पिताना त्यांनी घरचा नियम सांगितला. एका वेळी एकच लेकरू लातूरला. "ही एकदा मेडिकलची परीक्षा देऊन बसली. ही शेवटची खेप. जमलं तर जमलं, न्हाई तर पुढच्या साली धाकटीला आणतो. दोघींचं एकदम होत न्हाई, मॅडम." आवाजात राग नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. ती मात्र सगळा वेळ बॅगेची चेन उघडत होती आणि लावत होती.

सुरुवातीला ती मला मॅडमच म्हणायची. रविवारी क्लासची चाचणी असे, सोमवारी भिंतीवर यादी लागे, आणि त्या यादीप्रमाणे पोरांच्या तुकड्या बदलत. सोमवारी ती जेवायची नाही. ताट वाढलं तर भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून एका कडेला रचून ठेवायची. मला ताटात टाकलेलं चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या रचलेल्या तुकड्यांपुढे मलाही बोलवत नसे.

अशाच एका सोमवारी चार वाजता ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आजी, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत लई गोंधळ होऊन राहिला. तीनदा तेच चुकलं."

"काय समजलं नाही?"

"समजलं न्हाई असं न्हाई. पाठ हाय."

हे तिचं ठरलेलं वाक्य. समजलं का विचारलं की उत्तर यायचं, पाठ हाय. सगळ्या सूत्रांसाठी तिच्याकडे एकेक युक्ती होती. ही हातांची युक्ती मात्र क्लासची नव्हती, तिची स्वतःची होती. पुस्तकातल्या आकृतीत जस्ताची पट्टी डावीकडे असते. जस्त इलेक्ट्रॉन देतं. उजवीकडचं तांबं ते घेतं. "आपल्याकडं डाव्या हातानं काही दिलं तर आई हातावर मारते," ती म्हणाली. "प्रसाद घ्यायचा तर उजव्यानं, पैसे द्यायचे तर उजव्यानं. म्हणून ध्यानात ठेवलं, सेलचं सगळं उलटं. डावा देतो."

मला युक्ती आवडली. मग मी चाचणीचा पेपर पाहिला. तिन्ही आकृत्यांत कोणीतरी मुद्दाम जस्त उजवीकडे काढलं होतं. तिन्ही वेळा हिने तांब्याला द्यायला लावलं होतं.

"अगं, बाजू कोण बघतं? धातू बघ."

"बघते, आजी. पण हात आधीच हलतात."

दुसऱ्या दिवशी शेतीच्या दुकानातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणलं. एका ग्लासात त्याचं निळं पाणी, त्यात तांब्याची पट्टी. दुसऱ्यात मिठाचं पाणी, त्यात जुन्या बॅटरीचं सोललेलं जस्त. दोन्ही ग्लासांत एकेक टोक बुडेल अशी, मिठाच्या पाण्यात भिजवलेली समईची एक जाड वात. तारा माझ्या जुन्या काट्याच्या मीटरला जोडल्या आणि काटा हलला. ती एकदम खुर्चीवरून उठली.

"आता इकडून बघितलंस. पलीकडे जाऊन बस."

ती टेबलाला वळसा घालून समोर जाऊन बसली.

"आता जस्त कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"मग आता तांबं द्यायला लागलं का?"

ती मीटरकडे बघत राहिली. मग पुन्हा वळसा घालून अलीकडे आली, पुन्हा पलीकडे गेली. त्या दिवशी ती टेबलाभोवती इतकी फिरली की मला उदबत्ती लावावीशी वाटली. शेवटी म्हणाली, "त्याला काही पडलेलंच न्हाई, मी कुठं बसले ते."

उरलेल्या मोरचुदाच्या पाण्यात मी जस्ताचा एक तुकडा थेट टाकला आणि ग्लास तिच्या हातात दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गरम होऊन राहिला." तेवढंच तर सांगायचं होतं. दोघांची भेट एका ग्लासात झाली की ऊर्जा अशी उष्णता होऊन वाया जाते. मध्ये अंतर ठेवलं, तारेवरून यायला लावलं, की तीच काटा हलवते. पुस्तकात याला अर्धं पान सूत्रं आहेत. तिने ती सूत्रं पुन्हा काढली आणि पहिल्यांदाच पाठ हाय म्हणाली नाही.

तिने विचारलं, "मग बॅटरी संपते म्हणजे काय संपतं? जस्त तर उरलेलं दिसतं."

"देण्याची ओढ संपते. दोन्हीकडे समतोल झाला की काटा शून्यावर."

"म्हणजे समतोल आला की सेल मेला?" ती खुदकन हसली. "आणि आमचे सर रोज सांगतात, मनाचा समतोल ठेवा!"

ती हसल्याची ही एवढीच आठवण नीट आहे. पुढचे महिने तिने फक्त ओठ दातांखाली दाबून काढले. रोज तोच क्रम. आधी जीवशास्त्र, मग केमिस्ट्री. फिजिक्स शेवटी, कारण त्याची भीती. घरून फोन आला की धाकटी बहीण आधी बोलायची. ती काय म्हणते, हे मला भिंतीपलीकडून कळत नसे. हिचं उत्तर मात्र कळायचं. "हाव, ठेवते ना तुझ्यासाठी पुस्तकं. कोरी ठेवते, खुणा न्हाई करत."

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. वडील थेट तिथेच आले. चार दिवसांनी दोघं गादी न्यायला लातूरला आले तेव्हा ती दारातच म्हणाली, "आजी, सेलचा प्रश्न आला. जस्त उजवीकडं!"

"मग?"

"मग काय. हात हलाय लागले. म्हटलं, न्हाई, पलीकडून बघायचं. पण तिथं उठता येतं का? म्हणून पेपरच उचलून उलटा धरला."

वडील गादीला दोरी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"मागून वर्गावरच्या बाई आल्या. खस्सकन पेपर ओढला. म्हणाल्या, मागच्या पोरीला दाखवून राहिली का? म्हटलं, न्हाई मॅडम, आमच्या आजींनी टेबलाच्या पलीकडून बघायला शिकवलं. त्या काही हसल्या न्हाईत. पेपर घेऊन मोठ्या सरांकडं गेल्या. मी नुसती बसले. हात मांडीखाली दाबून बसले, आजी. सगळ्या पोरी खाली मान घालून लिहून राहिल्या होत्या."

"मग परत कधी दिला?"

"सरांनी बघितलं, मागच्या पोरीचा पेपर वेगळ्या कोडचा निघाला. मग दिला, लई वेळानं." तिने दोरीचं दुसरं टोक धरलं. "पण उत्तर बरोबर आलं. जस्तच देतं."

मी चहा टाकायला आत गेले. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. तिघांनीही तो गोड चहा संपवला.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. थोडक्या मार्कांनी गेलं होतं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "आजी, त्या पेपर ओढण्यानं न्हाई गेलं. फिजिक्सनं गेलं."

फिजिक्स ती शेवटी सोडवायची, हे मला ठाऊक होतं. मला ते ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं." आता ती नांदेडला नर्सिंगला आहे. फोन क्वचित येतो, तिकडची मोबाईलची रेंज वाईट आहे म्हणते. मला वाटतं, तिला कामातून वेळ नसावा.

गेल्या आठवड्यात फाटक वाजलं. "जय भीम, मॅडम," वडील म्हणाले. त्यांच्यामागे तीच ट्रंक, तीच गादी, आणि तशीच तेल लावलेली घट्ट वेणी. फक्त चेहरा जरा गोल.

चार वाजता धाकटी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. पुस्तक कोरं होतं, एकही खूण नव्हती. आकृतीचं पान उघडून तिने दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या.

"डावा देतो, उजवा घेतो. ताईनं शिकवलं."

"असं का, ते सांगितलं का ताईने?"

"न्हाई. म्हणाली, एवढं पाठ कर. पुढचं आजी सांगतील, त्यांना ते सांगायला लई आवडतं."

मी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली, टेबलाला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन तिच्या समोर बसले.