सहीशिवायची पुस्तकं

“मराठीचं कपाट आजच गाडीत चढवा,” जिल्ह्याहून आलेले साहेब ड्रायव्हरला तेलुगूत सांगत होते. गावात सरकारी गाडी शिरलेली पाहून आईनं मला “काय झालं बघून ये” म्हणून पाठवलं होतं, आणि मी वाचनालयाच्या दाराआड लपून उभी होते.

जगात भिण्यासारखं जे जे काही आहे, ते आमच्या लायब्ररीवाल्या काकांनी गावाच्या वतीनं एकट्यानंच भिऊन ठेवलं होतं. पाल, वाळवी, ओले हात, लोणच्याचं तेल आणि जिल्ह्याचा फोन, हा त्यांच्या भीतीचा चढता क्रम. खिशात कायम डांबराच्या गोळ्या, त्यामुळे काका वळणावर असतानाच त्यांचा वास आमच्या अंगणात पोचायचा. कपाट उघडण्याआधी ते त्यावर दोनदा थाप मारून आतल्या सापाला निघून जायची संधी देत. साप कधीच निघाला नाही. “ऐकलं असंल त्यानं,” काका म्हणायचे. फोन आला की उभं राहून गळ्याचं बटन लावायचे आणि “हाव सार, हाव सार” म्हणत भिंतीकडे पाहून मान हलवायचे. सरकारनं दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी चादर पांघरली होती. अभ्यासाला येणाऱ्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांनी ती काढायला हात लावला तर म्हणाले, “राहू द्या ना. बिघडलं तर नाव माह्यंच येते.”

सीमेवरच्या आमच्या गावातलं हे वाचनालय म्हणे निजामाच्या काळात चावडीच्या खोलीत दोन-तीन वर्तमानपत्रांवर सुरू झालं. पुढे ते जिल्ह्याची शाखा झालं, तेलुगू पुस्तकं आली, उर्दू मागच्या भिंतीला गेली, आणि गावातली मराठी शाळा बंद पडली तेव्हा तिचं कपाट बैलगाडीतून इथे आलं. गाडीत उभं राहून काकांनी वाटभर कपाटावर छत्री धरली होती. भर उन्हाळा होता.

त्या कपाटाच्या वाचक आम्ही बहुतेक बायाच. ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या पुरुषांमधून आत कोण जाणार? म्हणून काका सायकलला पिशवी अडकवून घरोघर पुस्तकं पोचवत. नियम असा की पुस्तक घेणाऱ्यानं रजिस्टरवर सही करायची. पण आमच्याकडे सही म्हटलं की बाया दचकतात. कुणाचा तरी अंगठा घेतला आणि शेत गेलं, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात आहे. “जयभीम भाऊ, पुस्तक द्या, पण सही-बिही नका मागू,” आई म्हणायची. भीती काकांना लगेच समजायची. इतकी, की त्यांनी रजिस्टर पिशवीत ठेवणंच सोडून दिलं. कुठल्या घरी कोणतं पुस्तक, सगळं डोक्यात. “आईले सांगजो माय, भाजी चिरता चिरता पान नको उलटू म्हणा,” एवढीच अट. मी इंग्रजी शाळेतली, मराठी अक्षरं जोडत वाचायची. काकांनी ते कधी ओळखलं कोण जाणे. माझ्यासाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं पिशवीत वर येऊ लागली.

तर त्या दिवशी ड्रायव्हरला हुकूम देऊन साहेबांनी रजिस्टर उघडलं. मराठीचं पान कोरं, आणि कपाटात मात्र मोठाल्या फटी. “मराठी पढ़ता कौन है यहाँ? और किताबें कहाँ गईं?” त्यांनी हिंदीत विचारलं.

काकांनी गळ्याचं बटन लावलं. घरं सांगितली असती तर चौकशीला माणसं आमच्याच दारात आली असती. “मेरी गलती है सार,” ते म्हणाले. “गुम गईं.” साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “‘पुस्तकं माझ्या हातून हरवली,’ असं लिहून द्या,” म्हणाले. मग नोकरीचं काय ते वर ठरेल. रिटायर व्हायला काकांना वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं. टोपण ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, निघेना.

काका आता मंचेरियलला मुलाकडे असतात. फोनवर विचारतात, “छत गळून राह्यलं काय?” कोणाचं छत ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही, आणि वाचनालयाचं सांगते. त्या दिवशी त्यांना टोपणाशी झगडताना पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याहून जास्त भ्यालेलं माणूस दिसलं, आणि माझे पाय कसे कोण जाणे दाराआडून पुढे आले. साहेबांना मराठी येत होती की नाही, माहीत नाही. मला भीतीनं दुसरी कुठली भाषाच आठवेना.

“सर, पुस्तकं हरवली नाहीत, आमच्या घरी आहेत. पहिली सही माझी घ्या, मग मी आईला आणि बाकीच्या बायांना बोलावून आणते. फक्त माझ्याकडचं पुस्तक आज नका नेऊ. चार पानं राहिली आहेत.”