जिभेखालची गोळी
फिनाईलनं फरशी पुसली की अजूनही मला त्या दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड आठवतो आणि डोकं तापतं. माझा धाकटा भाऊ गडचांदूरहून सिमेंटचा ट्रक न्यायचा. त्या लायनीत त्याला ब्राऊन शुगरची सवय लागली होती. पुढे व्यसनमुक्ती केंद्रातली, तलफ दाबणारी गोळी रोज सकाळी जिभेखाली धरून तो त्या पावडरीतून मोठ्या मुश्किलीनं सुटला. ट्रकवर ताडपत्री बांधताना पडून पाय मोडला, तेव्हा त्या गोळ्या आम्ही दवाखान्यात सोबतच नेल्या. सिस्टरनं काढून घेतल्या. "नशेच्या गोळ्या इथी चालत नाई. त्याच्या बदल्यात झोपेची देतो आम्ही." गोळी तुटली आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावाच्या अंगावर काटा, नाकातून पाणी, पोटात मुरडा, चादर घामानं ओलीचिंब. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "नाटकं आहेत. या लोकांना गोळीच पाहिजे असते." आणि शेजारच्या खाटेवरच्या काकांचं घरून आणलेलं इन्सुलिन त्याच सिस्टरनं स्वतःच्या हातानं फ्रिजमध्ये ठेवलं होतं! त्यांचं ते औषध, आमची ती नशा! भावानं माझा हात घट्ट धरला. "बाई, मले घरी ने. इथी राह्यलो त मी पुन्हा पावडर शोधीन." ऑपरेशन न करताच आम्ही निघालो. सिस्टरनं गोळ्यांची पट्टी मेलेला उंदीर धरावा तशी चिमटीत धरून परत दिली. आज तो लंगडत चालतो. लोक म्हणतात, नशेपायी पाय घालवला. घालवला खरा, पण नशा पुन्हा करायची नव्हती म्हणून.