ताट रिकामं, पेशंट उपाशी

कौतिकाबाईंची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी ड्रेसिंग सोडून पाहिलं आणि मला विचारलं, "सिस्टर, या जेवतात ना?"

मी चार्ट पुढे केला. दोन्ही वेळेला 'डाएट घेतला' असं लिहिलेलं. अक्षर माझंच.

ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशातल्या सौंसर भागात, एका लहान दवाखान्यात मी वॉर्डची सिस्टर होते. कौतिकाबाई बोरगावच्या, साठीच्या, शेतमजुरी करणाऱ्या. कापसाच्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, पडून मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांना ट्रॅक्शन लावलं होतं, म्हणजे पायाला दोरीनं वजन लटकवून हाड सरळ धरून ठेवायचं. कित्येक आठवडे नुसतं पाठीवर. तिसऱ्या आठवड्यात कमरेखाली बेडसोर झाला. पडून पडून कातडी सडते, ती जखम. ती भरायला पोटात प्रोटीन जावं लागतं. डॉक्टरांनी दूध, अंडी, घट्ट वरण लिहून दिलं होतं. ताट रोज रिकामं परत जायचं.

दुसऱ्या दिवशी जेवण आलं तेव्हा मी वॉर्डातच थांबले. कौतिकाबाईंनी माझ्याकडे बघत दोन घास खाल्ले. मी टेबलाकडे वळले, तेवढ्यात अंडी आणि वरण शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या ताटात गेलं. ती बाई ओशाळली. रोजच देतात, नाही म्हटलं तर रागावतात, म्हणाली.

मला राग आला. चव नाही का, उपास आहे का, मी विचारत सुटले. त्या छताकडे बघत हळूच म्हणाल्या, "खाल्लं का मंग पॉट लागते, बाई. सकाळी आया रायते. दुपारून तो माणूस रायते. त्याले कसं मांगू? म्हून पानी बी कमीच पिऊन राहिली मी."

पॉट म्हणजे खाटेवरच शौचासाठी द्यायचं भांडं; दुपारी ते वॉर्डबॉय द्यायचा. आयाची ड्यूटी मीच लावत होते. ताप, नाडी, लटकवलेलं वजन, सगळं रोज बघत होते. हे एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. "मी अंडी वाढवणार होतो," एवढंच म्हणाले.

आयाची ड्यूटी सकाळ आणि दुपार अशी दोन भागांत केली. तिला ते जड गेलं, घरी तान्ही मुलगी होती. तिची सोय लागेपर्यंत दुपारी चादरीचा आडोसा करून मीच पॉट दिला, मागायची वाट न बघता. पहिले दोन दिवस ताट तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी कौतिकाबाईंनी अंडं संपवलं आणि तोंड फिरवून घेतलं. दोन आठवड्यांनी जखमेच्या कडा लाल दिसू लागल्या, म्हणजे ती भरायला लागली.

हाड वेळेवर जुळलं. जखमेला मात्र आणखी चार महिने लागले. घरी गेल्यावरही त्या ड्रेसिंगसाठी बसनं यायच्या, बाकावर एका कुशीवर टेकून बसायच्या. मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे नव्या नर्सेस आल्या की मी त्यांना सांगायचे, पेशंट जेवत नसेल तर स्वयंपाकघरात नंतर जा. आधी विचारा, पॉट कोण देतं.