वरची अर्धी भिंत

रंगारी भिंतीवर तुटून पडायचा तसाच माणसांवर. जुन्या रंगाचे पोपडे तो असे ओरबाडायचा की शेजारच्या खोलीतलं मूल दचकून उठावं. एका दुकानदाराचं डोकं त्याने रंगाच्या डब्याने फोडलं होतं, मेहुण्याचा दात पाडला होता, आणि बायको जिवंत होती तोवर तिच्या पाठीवरचे वळ कधी पुरते मावळले नाहीत. मुलगी मात्र त्याच्याबरोबर कामाला यायची. नवऱ्याने टाकलेली, तिशी ओलांडलेली, बापासारखीच हाडापेराने दणकट. बाप काम द्यायचा, मारही द्यायचा. तिने दोन्ही मुकाट घेतलं होतं.

यंदा त्याचा उजवा खांदा गेला. हात छातीपर्यंत यायचा, पुढे हलायचा नाही. हे त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. हात वर न जाणाऱ्या रंगाऱ्याला भिंत कोण देणार? आणि भिंत गेली तर त्याच्यापाशी उरतं काय?

सध्या काम घेतलेल्या घरातल्या मोठ्या खोलीला जुना तेलरंग होता, काचेसारखा गुळगुळीत. असली भिंत आधी पॉलिशपेपरने घासून तिची चकाकी मारावी लागते, नाहीतर नवा रंग धरत नाही. खालची अर्धी मुलीने घासली. वरची त्याने "मी बघतो" म्हणून घेतली, तिला दुसऱ्या खोलीत पिटाळलं, आणि रोलरला लांब दांडा लावून, हात कमरेपाशीच ठेवून, न घासताच रंग चढवला.

सकाळी मुलीने शिडीवर चढून कोपऱ्यात नख लावलं, तशी कालच्या रंगाची हातभर चादर सळसळत खाली आली.

"बाबा, वर पेपर मारलाच नाही तुम्ही."

"खाली उतर."

"उतरते. पण हे सगळं सोलून निघणार."

"बापाला शिकवतेस?"

"बापालाच. दुसरं कोण ऐकून घेतंय माझं?"

ती उतरली, तोच त्याने डबा भिंतीवर भिरकावला. फरशीभर रंग सांडला. मग तिच्या कानाखाली अशी बसली की ती शिडीवर आदळली आणि ओठ फुटला. रक्त पुसता पुसता ती थबकली. या हाताची ओळख तिला लहानपणापासूनची. मार कायम डाव्या गालावर बसायचा. आज उजवा पेटला होता.

"डाव्या हाताने का मारलंत?"

तिने त्याचं उजवं मनगट पकडून वर खेचलं. तो गुरासारखा हंबरला. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली, पण मनगट सुटलं नाही.

"कधीपासून?"

"सोड, सटवे."

तिने सोडलं. खरवडायची पट्टी उचलली आणि वर चढली. त्याने डाव्या हाताने शिडी गदागदा हलवली. वरून पोपडे पडू लागले.

"पाडा," ती म्हणाली. "माझंही हाड मोडू दे. मग घरी बसू दोघं, एकमेकांची तोंडं बघत."

शिडी थांबली.

ती त्याचा रंग ओरबाडू लागली, अगदी त्याच्यासारखी, दात-ओठ खाऊन. लांबच लांब पट्ट्या त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत राहिल्या. आपलंच कातडं सोललं जातंय असं त्याला वाटलं. तेवढ्यात सांडलेल्या रंगावरून शिडीचा पाय सरकला. त्याने पटकन पाऊल आडवं लावलं आणि छातीने शिडी दाबून धरली.

"नीट धरा."

"धरलीय," तो गुरगुरला. "मुकाट खरवड. आणि तो कोपरा सोडू नकोस, नेहमी सोडतेस."